हेड-ऑन घ्यायचा कधी, सोडायचा कधी: खऱ्या युद्धातलं गणित आणि आपल्या सिममधली सवय

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझा चुलतभाऊ, दादा, आम्ही आयएल-२ या विमानयुद्धाच्या सिममध्ये (कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर गेम) रोज रात्री वन-टू-वन खेळायचो, तो ब्रिटिश फायटर स्पिटफायर घ्यायचा आणि मी जर्मन मेसरश्मिट १०९, आणि सलग चार रात्री मी हरलो आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने हरलो, म्हणजे समोरासमोर येताना, ज्याला हेड-ऑन म्हणतात. कधी माझं इंजिन फुटायचं, कधी पायलट मरायचा, दोनदा तर आम्ही दोघं एकमेकांवर आदळून खलास. शेवटी हेडफोनमधून दादा म्हणाला, "अरे तू एडका आहेस का? दिसलं समोर की लाव डोकं, दिसलं समोर की लाव डोकं." एडक्यांच्या टकरी ज्यांनी जत्रेत बघितल्यात त्यांना कळेल तो काय म्हणत होता. फक्त एडक्याचं कपाळ त्यासाठीच बनलेलं असतं, १०९ चं नाही.

मग मी जरा बसून वाचलं, आकडेमोड केली, रिप्ले बघितले. त्यातनं जे हाती आलं ते पायरीपायरीने लिहितोय. दुसऱ्या महायुद्धातली प्रोपेलरची विमानं धरूनच बोलतो, कारण हेड-ऑनची खरी मजा आणि खरी भीती तिथेच आहे. जेट आणि मिसाइलचा विषय वेगळा.

आधी एक गणित, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे

समजा दोन्ही विमानं ताशी ५०० किलोमीटरने एकमेकांकडे येतायत. जवळ येण्याचा वेग झाला ताशी १००० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण २७८ मीटर. दोन किलोमीटरवर तुम्हाला तो ठिपका दिसला तर भेट व्हायला ७ सेकंद. एक किलोमीटरवर साडेतीन. तुम्ही ८०० मीटरवर ट्रिगर दाबला आणि ३०० मीटरवर सोडला तर गोळीबाराला मिळाले पावणेदोन सेकंद, बस्स.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाजूला व्हायचं. समजा तुम्ही चार जी (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोर) ओढू शकता, आणि डोक्यात विचार येऊन स्टिक हलून विमान प्रत्यक्ष वळायला लागेपर्यंत ०.३ सेकंद जातात (हे मी उदार होऊन धरलंय). तर ४०० मीटरवर ओढायला सुरुवात केली तर भेटीच्या क्षणापर्यंत तुम्ही मूळ रेषेपासून साधारण २५ मीटर बाजूला जाता. ३०० मीटरवर सुरुवात केली तर १२ मीटर. २०० मीटरवर केली तर साडेतीन मीटर. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११ मीटरच्या वर आहे, १०९ चा जवळपास १०. साडेतीन मीटरने काय होणार? आणि समोरच्यानेही घाबरून त्याच बाजूला ओढलं तर मग काही बोलायलाच नको.

म्हणजे हेड-ऑन सोडायचा की नाही हे ठरवायची वेळ २०० मीटरवर नसतेच. २०० मीटरवर ते आधीच ठरलेलं असतं, तुम्हाला फक्त कळायचं बाकी असतं. मी चार रात्री नेमका तिथेच विचार करत होतो.

पायरी पहिली: समोर कोण आहे आणि आपण कशात बसलोय

खऱ्या युद्धात हेड-ऑन हा शौर्याचा प्रकार कमी आणि हिशोबाचा प्रकार जास्त होता. ज्यांनी तो मुद्दाम वापरला त्यांनी आधी बघितलं होतं की समोरच्याची पुढची बाजू कच्ची आहे किंवा आपली पुढची बाजू पक्की आहे.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बी-१७ बॉम्बरचं. १९४२ मध्ये अमेरिकन बॉम्बर फ्रान्सवर दिवसाढवळ्या यायला लागले तेव्हा जर्मन पायलट सवयीप्रमाणे मागून जायचे आणि शेपटीच्या, वरच्या, पोटाखालच्या मशीनगनांचा मार खायचे. मागून गेलं की जवळ जायला वेळ लागतो, कारण बॉम्बरही त्याच दिशेने पळतोय, तेवढा वेळ सगळे गनर निवांत नेम धरणार. जर्मनांचा अंदाज असा होता की मागून बी-१७ पाडायला २० मिलिमीटरचे वीसेक गोळे बसावे लागतात, पण समोरून चार-पाच पुरतात, कारण समोर काच आहे आणि काचेमागे पायलट आहेत. एगॉन मायर नावाचा जर्मन अधिकारी, जेजी २ या फायटर तुकडीच्या तिसऱ्या गटाचा प्रमुख, त्याने ही उलटी पद्धत बसवली. २३ नोव्हेंबर १९४२ ला सां-नाझेरच्या पाणबुडी तळावर बॉम्बर आले तेव्हा त्याच्या लोकांनी समोरून हल्ले केले आणि तेव्हापासून ती पद्धत पसरली. बॉम्बरमधले लोक दिशा घड्याळाच्या भाषेत सांगायचे, नाकासमोर म्हणजे बारा वाजता. तर हे लोक बारा वाजता येऊन बारा वाजवायचे.

पण करायचे कसे ते बघा, कारण खरी शिकवण तिथे आहे. ते दिसल्या दिसल्या नाक वळवून सुटायचे नाहीत. बॉम्बरच्या गनांच्या टप्प्याबाहेरून, बाजूने समांतर उडत ते त्यांना मागे टाकायचे, काही किलोमीटर पुढे निघून जायचे, मग तिघातिघांनी वळून, विमान सरळ करून, नेम धरून यायचे. म्हणजे दोन-अडीच सेकंदांच्या गोळीबारासाठी कितीतरी मिनिटं तयारी. बॉम्बर वळून उत्तर देत नाही, त्याला फॉर्मेशन धरून सरळ जायचंय, म्हणून हे जमायचं.

अमेरिकनांनी मग बी-१७ जी मॉडेलला हनुवटीखाली दोन गनांचा टरेट (गनांचा फिरता मनोरा) बसवला, बी-२४ लाही नाकात टरेट आला. १९४४ मध्ये मस्टंग आणि थंडरबोल्ट ही अमेरिकन फायटर बॉम्बरसोबत आत खोलवर यायला लागल्यावर तर पुढे जाऊन शांतपणे रांग लावायला जर्मनांना मोकळं आकाशच उरलं नाही. मायर स्वतः २ मार्च १९४४ ला थंडरबोल्टशी झालेल्या लढाईत मारला गेला.

दुसरं उदाहरण पॅसिफिकचं, इथे आपली पुढची बाजू पक्की हा मुद्दा. जपानी झिरो वळायला इतकं हलकं की अमेरिकन वाइल्डकॅटने त्याच्या मागे वळत बसणं म्हणजे मरण. पण झिरोला चिलखत नाही, आपोआप बुजणाऱ्या पेट्रोलच्या टाक्या नाहीत, आणि त्याच्या २० मिलिमीटरच्या दोन तोफांना त्या वेळी फक्त ६०-६० गोळे. उलट वाइल्डकॅटला एअर-कूल्ड रेडियल इंजिन, एखाददुसरा सिलिंडर उडाला तरी घरघर करत चालतं, आणि पॉइंट फाइव्ह-झिरोच्या (अर्धा इंच व्यासाच्या गोळीच्या) चार किंवा सहा मशीनगन. मग जिमी थॅच नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने रात्री घरच्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून एक डाव शोधला. दोन विमानं समांतर उडणार, एकाच्या मागे झिरो लागला की दोघं एकमेकांकडे वळणार, आणि पाठलाग करणारा झिरो आपोआप दुसऱ्याच्या नाकासमोर येणार. ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत त्याने तो प्रत्यक्ष वापरला. लोक याला थॅच वीव्ह म्हणून ओळखतात आणि बचावाचा डाव समजतात, पण नीट बघितलं तर तो हेड-ऑन बनवायचा कारखाना आहे. आणि यातली गंमत अशी की झिरोचं लक्ष त्याच्या शिकारीवर असतं, म्हणजे हेड-ऑनमध्ये एकाचीच गन तयार आहे, दुसऱ्याची नाही. असा हेड-ऑन मिळाला तर डोळे झाकून घ्या. सॉरी, डोळे उघडे ठेवून.

मग आपल्या खेळात प्रश्न तीनच. माझ्या गन नाकात आहेत की पंखात? माझं इंजिन हवेने थंड होतं की पाण्याने? आणि समोरच्याकडे माझ्यापेक्षा जड तोफा आहेत का? तुम्ही पाण्याच्या इंजिनवाल्या स्पिटफायरमध्ये आणि समोर चार तोफांचं फोके-वुल्फ १९० असेल तर ते डील तोट्याचं आहे, कितीही चांगला नेम असू दे. रेडिएटरला एक भोक पडलं तरी कूलंट संपेपर्यंतच तुमचं आयुष्य. पी-३८ मध्ये असाल तर वेगळी गोष्ट, त्याच्या चार गन आणि एक तोफ सगळं नाकात जवळजवळ आहे, कन्व्हर्जन्सचा (पंखातल्या गनांच्या गोळ्या कुठे एकत्र येतात याचा) प्रश्नच नाही, सरळ पाण्याच्या पाइपासारखी धार.

पायरी दुसरी: उडायच्या आधीची सेटिंग

पंखातल्या गन थोड्या आत वळवलेल्या असतात आणि ठरावीक अंतरावर त्यांच्या गोळ्या एकत्र येतात, हेच ते कन्व्हर्जन्स. आरएएफने, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाने, सुरुवातीला ते ४०० यार्डांवर ठेवलं होतं, मग १९४० च्या लढाईत पायलटांनी जवळ, २५० यार्डांवर आणलं, कारण मागून जवळ जाऊन मारणं हेच खरं काम. तुमच्या गेममध्ये हे बदलता येत असेल तर फक्त हेड-ऑनसाठी ते ८०० वर नेऊन ठेवायचा मोह होतो, मला झाला होता. नका करू. हेड-ऑन हा सामन्यातला दोन सेकंदांचा भाग, बाकीचा वेळ तुम्ही शेपटीमागेच असणार. ३०० ते ४०० मीटर ठेवा.

दुसरं, झूमचं बटण अंगठ्याखाली पाहिजे, माउस सोडून कीबोर्डवर शोधायला लागलात तर संपलं. याचं कारण आकड्यात सांगतो. माझा मॉनिटर साधा १९२० पिक्सेल रुंदीचा आहे. ९० अंशांच्या व्ह्यूमध्ये ८०० मीटरवरचं ११ मीटर पंखांचं विमान स्क्रीनच्या मध्यभागी जेमतेम १३ पिक्सेल दिसतं. तेरा! माशी बसली तर तीच शत्रू वाटते. झूम करून व्ह्यू ३० अंशांवर आणला की तेच ५० पिक्सेलच्या आसपास होतं. खरा पायलट साध्या डोळ्याने त्याच ठिपक्यातून विमानाचं नाक कुठे आहे ते ओळखायचा, आपल्याला ती नजर नाही, आपल्याकडे झूम आहे.

पायरी तिसरी: दोन किलोमीटरवर ठरवा, आणि सरळ रेषा मोडा

इथे माझी सगळ्यात मोठी चूक होती. मी ठिपका दिसला की त्याच्याकडे नाक करून सरळ जायचो. तो पण तेच करतो. मग दोघांनाही सारखीच संधी, नाणेफेक. अहो नाणेफेकच करायची तर एवढी महागडी जॉयस्टिक कशाला घेतली.

घ्यायचा नसेल तर, आणि दहापैकी आठ वेळा घ्यायचा नसतो, दोन किलोमीटरवरच त्याच्या रेषेच्या १००-१५० मीटर खाली आणि थोडं बाजूला सरका. आता तुमच्यावर गन आणायला त्याला नाक खाली ढकलावं लागतं. खाली ढकलणं म्हणजे निगेटिव्ह जी, शरीराला आणि नेमाला दोन्हीला वाईट, स्क्रीन लाल होते, आणि तुम्ही त्याच्या नाकाखाली, इंजिनाच्या आड लपता. तुम्ही खाली सरकत राहिलात तर त्याला आणखी ढकलावं लागतं. जमीन जवळ असेल तर तो ढकलता ढकलता थेट शेतात जातो, मी हे तीन वेळा स्वतः पाहिलंय आणि एकदा स्वतः केलंय.

यात १९४० सालच्या विमानांचा एक खास पदर आहे. त्या वेळच्या स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनला फ्लोटचा कार्बोरेटर होता, निगेटिव्ह जी झाला की पेट्रोल तुटायचं आणि इंजिन आचका द्यायचं. १०९ च्या इंजिनला फ्युएल इंजेक्शन, त्याला काहीच फरक नाही. म्हणून जर्मन पायलट सरळ नाक ढकलून पळून जायचे आणि मागचा इंग्रज आधी उलटा होऊन मग ओढत बसायचा. १९४१ च्या सुरुवातीला बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी एक साधी पितळेची चकती बनवली, मधे भोक असलेली, पेट्रोलच्या नळीत बसवायची, आणि तो आचका बराच आटोक्यात आला. केवढीशी चकती, पण तेवढ्याने काम झालं. तर तुम्ही १०९ मध्ये आणि समोर सुरुवातीचा स्पिटफायर असेल, आणि गेममध्ये हे बारकावे टाकलेले असतील, तर खालून जाणं दुप्पट फायद्याचं. दादाचा स्पिटफायर नेमका तोच होता आणि मला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं.

पायरी चौथी: घ्यायचाच असेल तर

आता ते दहापैकी दोन. तुमच्याकडे जड तोफा आहेत, किंवा समोर बॉम्बर आहे, किंवा तो दुसऱ्याच्या मागे लागलाय आणि त्याला तुम्ही दिसलेला नाहीत.

विमान ट्रिम करून ठेवा, म्हणजे स्टिक न धरता सरळ उडेल असं, हात घट्ट नको. घसरण दाखवणाऱ्या यंत्रातला बॉल मध्ये आहे का बघा, कारण विमान तिरकं घसरत असेल तर गोळ्याही तिरक्या जातात आणि या अंतरावर तेवढं पुरतं चुकायला. दीड किलोमीटरवर झूम. नेम त्याच्या नाकाच्या किंचित वर, किती ते गनवर अवलंबून, पॉइंट फाइव्ह-झिरोला थोडंच पुरतं, जर्मन ३० मिलिमीटरची तोफ असेल तर बरंच, कारण तिचा गोळा हळू निघतो आणि लवकर पडतो. ज्या विमानात दोन वेगवेगळ्या जातीच्या गन आहेत, म्हणजे झिरो किंवा नंतरचे १०९, तिथे मशीनगनच्या गोळ्या लागल्या म्हणून तोफेचे लागतील असं समजू नका, दोघांचे रस्ते वेगळे.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हेड-ऑनमध्ये गोळीचा टप्पा आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. तुम्ही ८०० मीटरवर गोळी सोडलीत, पण गोळी निघाल्यावर तो स्वतःच तिच्याकडे धावत येतोय. गोळीचा वेग, अधिक तुमच्या विमानाचा, अधिक त्याचा. पाठलागात ८०० मीटर म्हणजे गोळ्या वाया, समोरासमोर ८०० मीटर म्हणजे सुरुवात करायची वेळ. त्यामुळे जो ४०० पर्यंत थांबतो त्याला गोळीबाराला आणि निसटायला मिळून दीडच सेकंद मिळतो, आणि दोन्ही कामं तेवढ्यात होत नाहीत.

८०० ला सुरू, एकच सलग बर्स्ट, ४०० ला बंद. ट्रेसर (चमकत जाणाऱ्या गोळ्या) कुठे जातायत ते बघून नेम सुधारत बसू नका, तेवढा वेळ नसतो. सहा पॉइंट फाइव्ह-झिरो गनांमधून सेकंदाला ७०-८० गोळ्या जातात, त्यातल्या चार लागल्या तरी समोरच्या इंजिनचं काम होऊ शकतं.

पायरी पाचवी: ओढा

४०० मीटर झाले हे कसं कळणार, तिथे कोणी बोर्ड लावलेला नसतो. यासाठी गनसाइटची, म्हणजे नेम धरायच्या काचेवरची, रिंग. जर्मन रेव्ही साइटची रिंग अशी होती की १०० मीटरवर १० मीटर रुंदीची वस्तू तिच्यात बरोबर मावते. मग ११ मीटर पंखांचं फायटर ४०० मीटरवर रिंगच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त दिसणार. पाव रिंग भरली की ओढा. पूर्ण रिंग भरायची वाट बघितलीत तर तुम्ही ११० मीटरवर आहात आणि ०.४ सेकंद उरलेत, आई-बाबांना आठवा.

आणि बॉम्बर असेल तर रिंग फसवते, हे लक्षात ठेवा. बी-१७ चे पंख जवळजवळ ३२ मीटर, म्हणजे ४०० मीटरवर तो रिंगचा चार-पंचमांश भाग भरतो. बॉम्बरची सवय लागली आणि मग फायटर समोर आलं की तुम्हाला वाटतं अजून लांब आहे. माझी दादाशी झालेली एक टक्कर याच भानगडीत, आदल्या दिवशी मी तीन तास बॉम्बर मारत बसलो होतो.

कुठल्या बाजूला ओढायचं? नागरी विमानांचा जगभरचा नियम आहे की समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. अमेरिकन हवाई दलाच्या सरावातही ठरलेलं असतं, एकमेकांपासून किमान ५०० फूट, आणि काही वेगळं ठरलेलं नसेल तर डावा पंख डाव्या पंखासमोरून जाईल असं निघायचं. पण हे मित्रांमधलं. शत्रूशी असा करार नसतो, त्यामुळे दोन किलोमीटरवर जी बाजू घेतली असेल तीच ठेवायची, शेवटच्या क्षणी बदलायची नाही. एकाच रस्त्यावर समोरासमोर आलेले दोन लोक डावी-उजवी करत एकमेकांनाच धडकतात ना, तसलं होतं.

आणि हे खरं घडलेलं आहे. १० जुलै १९४० ला इंग्लिश खाडीवर आरएएफच्या १११ स्क्वॉड्रनने, जे बॉम्बरवर समोरून जाण्यासाठी ओळखलं जायचं, जर्मन डॉर्नियर १७ च्या थव्यावर हल्ला केला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर हिग्ज यांचं हरिकेन एका डॉर्नियरवर आदळलं. दोन्ही विमानं गेली. हिग्ज यांनी पॅराशूट घेतलं होतं पण ते वाचले नाहीत.

पायरी सहावी: ओलांडल्यावरचे तीन सेकंद

बहुतेक जण इथे श्वास सोडतात. वाचलो बाबा. आणि त्याच वेळात समोरचा अर्धा वळून झालेला असतो. माझ्या मते हेड-ऑनची सगळी किंमत इथेच वसूल होते, गोळ्या लागोत न लागोत.

तुम्ही जर पायरी तीनमध्ये बाजूला सरकला असाल, साधारण दीड-दोनशे मीटर, तर तो अजून ५०० मीटर पुढे असतानाच त्याच्याकडे वळायला सुरुवात करा. चार जी ला सेकंदाला सोळाएक अंश वळण मिळतं, म्हणजे तो तुमच्या शेजारून जाईपर्यंत तुमचं नाक तीसेक अंश वळून झालंय आणि तो अजून गोळीबाराच्या नादात सरळ उडतोय. याला लीड टर्न म्हणतात. त्याला नाणेफेक खेळायची होती, तुम्ही तेवढ्यात पुढच्या डावाची चाल खेळून बसलात. जी चढताना स्क्रीन काळी होते आणि तो नजरेतून सुटतो, त्यामुळे ओढताना मान, म्हणजे आपला हॅट स्विच (जॉयस्टिकवरचं नजर फिरवायचं बटण), त्याच्यावरच ठेवा.

तुमचं विमान वळण्यात कमी आणि वेगात जास्त असेल, पी-४० सारखं, तर वळूच नका. चिनी हद्दीतून आणि ब्रह्मदेशावर लढलेल्या फ्लाइंग टायगर्स या अमेरिकन स्वयंसेवक पायलटांना त्यांचा प्रमुख चेनॉल्टने हेच शिकवलं होतं, वरून या, मारा, सरळ निघून जा, जपानी विमानांशी गोल गोल खेळू नका. ओलांडल्यावर नाक थोडं खाली, फुल थ्रॉटल, दोन-तीन किलोमीटर लांब जाऊन मग उंचीवरून परत.

खेळात सगळे हेड-ऑन का घेतात, आणि त्याचा फायदा कसा उठवायचा

कारण मरण फुकट आहे. वॉर थंडरच्या आर्केडमध्ये तर मेलात की दुसरं विमान घेऊन परत हजर, आणि कुठे नेम धरायचा ते दाखवणारा गोल ठिपकाही मिळतो. रिअलिस्टिकमध्ये एकच जीव पण त्याची किंमत रिपेअरचे पैसे. १९४३ मधल्या पायलटला परत पाठवायला कोणी नव्हतं, त्यामुळे तो फायटरला फायटर समोरून आला की बऱ्याचदा लांबूनच एक बर्स्ट टाकून सटकायचा. आपल्याकडे समोरचा शेवटपर्यंत येतो, आदळला तरी त्याला काय, एकास एक.

म्हणजे तो ठरलेल्या रेषेवर येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. जो शेवटपर्यंत सरळ येतो त्याच्याविरुद्ध लीड टर्न सगळ्यात सोपा. गंभीर सिमवाल्यांमध्ये खेळताना मात्र हे धरू नका, ते पण खालूनच येतात.

आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ. आपल्याकडून लांबच्या सर्व्हरवर १५०-२०० मिलिसेकंद सहज लागतात. १५० मिलिसेकंदांत हेड-ऑनचं अंतर ४० मीटरने कमी होतं. गेम अंदाजाने समोरच्याला पुढे सरकवून दाखवतं, पण त्याने शेवटच्या क्षणी ओढलं तर तो अंदाज चुकतो. तुमच्या स्क्रीनवर तो सुटून गेला, त्याच्या स्क्रीनवर तुम्ही आदळलात, आणि मग चॅटमध्ये दोघंही एकमेकांचा उद्धार करत बसतात. उपाय एकच, पिंग जास्त असेल तर ४०० ऐवजी ५०० ला ओढा.

सराव

ऑनलाइन जाऊन सराव करू नका, तिथे तीन सेकंदांच्या धड्यासाठी दहा मिनिटं चढत बसावं लागतं. क्विक मिशन लावा, एकास एक, समोरासमोर, तीन हजार मीटर उंचीवर. पहिले दहा वेळा गोळी चालवायचीच नाही. फक्त पाव रिंग भरली की ओढायचं. मग दहा वेळा खालून जाऊन लीड टर्न. मग गोळी. कॉम्प्युटरचा पायलट एस (सर्वात वरच्या) लेव्हलला समोरून भयंकर नेम मारतो, त्याच्याकडून मरून वाईट वाटून घेऊ नका, आधी मधली लेव्हल ठेवा.

रिप्ले मात्र बघाच, आणि बाहेरच्या कॅमेऱ्याने, स्लो करून बघा. मी माझे चाळीसएक हेड-ऑन एका रविवारी असे बघितले, चहा गार होईपर्यंत, आणि दिसलं काय तर मी जवळजवळ प्रत्येक वेळी डावीकडे वर ओढतो. घाबरलो की हात तिकडेच जातो. दादाला हे माझ्या आधी कळलं होतं, तो आधीच तिकडे नाक धरून बसायचा. आता मी उजवीकडे खाली जातो, मागचे सहापैकी पाच सामने जिंकलोय, आणि त्याला वाटतंय मी नवीन जॉयस्टिक घेतली. हा लेख त्याला पाठवू नका.